मुतखड्याचा शूल : ओळख व उपचार ह्यांचा इतिहास

वृक्कात (मूत्रपिंडात) तयार झालेला खडा जागचा सुटून मूत्रवाहिनीत उतरला व तेथे अडला म्हणजे कुशीत एकाएकी तीव्र वेदना उठते. ह्या वेदनेस वृक्कशूल म्हणतात. लोकव्यवहारात ती मुतखड्याची कळ म्हणून ओळखली जाते. ती शेवटच्या बरगडीखाली पाठीच्या बाजूस सुरू होते, कुशीतून पुढे व खाली उतरते आणि जांघ, वृषण किंवा स्त्रियांत भगोष्ठ येथपर्यंत पोहोचते. मळमळ, ओकारी, दरदरून घाम, वारंवार लघवीस लागल्यासारखे वाटणे आणि लघवीतून रक्त जाणे ही तिच्या सोबतची लक्षणे होत. जाणत्या वैद्याला एक लक्षण रोग्याच्या खाटेजवळ जाताच दिसते. पर्युदराचा (पोटातील अस्तराचा) दाह झालेला रोगी हालचालीने वेदना वाढते म्हणून निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रोगी मात्र एका जागी ठरत नाही. तो उठतो, बसतो, येरझारा घालतो, गुडघे पोटाशी घेऊन लोळतो. पण कोणत्याही स्थितीत त्याला चैन पडत नाही.

ह्या वेदनेची ओळख दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्या कारणाचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मधल्या प्रदीर्घ काळात शस्त्रवैद्याचा हात मूत्राशयापर्यंतच पोहोचत होता. त्यामुळे ह्या रोगाचा इतिहास हा बराचसा मूत्राशयातील खडा काढण्याचा इतिहास ठरला आणि वृक्कातून उतरणाऱ्या खड्याची कळ सोसणाऱ्या रोग्याच्या वाट्याला अफू, ऊन पाणी व धीर ह्यांपलीकडे फारसे काही आले नाही.

प्राचीन वर्णने : खड्याचा रोग मानवाइतकाच जुना असावा. ईजिप्तमधील अल् अमरा येथील इतिहासपूर्वकालीन दफनभूमीत एका मुलाच्या सांगाड्यात मूत्राशयातील खडा आढळला. ग्रॅफ्टन एलियट स्मिथ ह्या शारीरविज्ञांनी तो १९०१ मध्ये उजेडात आणला. हा खडा लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात होता. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात, १९४१ मध्ये, तो नष्ट झाला.

भारतीय वैद्यकात अश्मरीचे सर्वांत तपशीलवार विवेचन सुश्रुतसंहितेत मिळते. निदानस्थानाचा तिसरा व चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय ह्या रोगाला वाहिलेला असून, आठ महारोगांच्या गणनेत वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ इत्यादींबरोबर अश्मरीचाही समावेश केलेला आहे. कफ, पित्त, वात व शुक्र ह्यांच्यापासून होणारे चार प्रकार सांगून प्रत्येकाचे रूप दिलेले आहे. कफाश्मरी कोंबडीच्या अंड्यासारखी मोठी व गुळगुळीत, पित्ताश्मरी बिब्ब्याच्या बीसारखी, तर वाताश्मरी सावळी, कठीण व कदंबाच्या फुलाप्रमाणे काट्यांनी भरलेली असते. ही वर्णने प्रत्यक्ष खडे हाताळणाऱ्याचीच असू शकतात. आज ज्याला कॅल्शियम ऑक्झॅलेटाचा खडा म्हणतात, तो पुष्कळदा असाच गडद व काटेरी असतो. वेदना नाभी, बस्ती (मूत्राशय), सेवनी (विटप भागातील मधली शिवण) व मेहन ह्या ठिकाणी होते. मूत्राची धार मध्येच तुटते, मूत्रात रक्त येते आणि धावणे, उड्या मारणे, पोहणे, वाहनावर बसणे ह्यांमुळे वेदना वाढते, असे सुश्रुतांनी नमूद केले आहे.

ह्या वर्णनात कूस व कंबर ह्यांना प्रमुख स्थान नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचे कारण त्या काळच्या शरीरकल्पनेत आहे. वृक्क हा अवयव आयुर्वेदाला ठाऊक होता. परंतु मूत्र तेथे तयार होते, ही कल्पना नव्हती. पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला नवा घडा जसा बाजूंच्या सूक्ष्म छिद्रांतून भरत जातो, तसा बस्ती असंख्य सूक्ष्म स्रोतसांनी भरतो असे मानले जाई. साहजिकच खड्याचे स्थान बस्ती हेच ठरले. तथापि निरीक्षणाने कल्पनेच्या मर्यादा ओलांडल्याचेही दिसते. खडा फुटून त्याची वाळू होते, तिला संहितेत शर्करा म्हटले आहे. वायू अनुकूल असता ती मूत्रावाटे निघून जाते आणि अडली तर कुशीत शूल, मांड्यांना ग्लानी, कंप, तहान, अरुची अशी लक्षणे होतात, असे तेथे सांगितले आहे. बारीक खडा मूत्रवाहिनीत अडल्यावर जे दिसते, त्याच्याशी ही लक्षणे चांगली जुळतात. म्हणजे वृक्कशूल प्राचीन भारतीय वैद्यांनी पाहिला होता. फक्त त्याची नोंद अश्मरीच्या मुख्य वर्णनात न होता शर्करेच्या प्रकरणात झाली.

उपचारांत वायवर्णा (वरुण), गोखरू, पाषाणभेद, कुळीथ ह्यांचे काढे व सिद्ध घृते, तसेच क्षार सांगितले आहेत. त्यांनी गुण न आल्यास शस्त्रकर्म करावे. मात्र तेही राजाची अनुज्ञा घेऊन. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, असा स्वच्छ हिशेब सुश्रुतांनी मांडला आहे. गुदद्वारातून घातलेल्या बोटांनी खडा खाली ओढून सेवनीच्या डाव्या बाजूस, एका यवाचे अंतर सोडून, छेद घ्यावा व खडा बाहेर काढावा असा तो विधी आहे. नंतर रोग्याला ऊन पाण्याच्या टाकीत बसवून शेकण्यास सांगितले आहे. अफू मात्र ह्या ग्रंथात नाही; भारतीय वैद्यकात तिचा प्रवेश पुष्कळ नंतरचा, शार्ङ्गधराच्या काळातील (तेरावे-चौदावे शतक) आहे. सुश्रुतांच्या रोग्यापाशी वेदनेवर शेक, स्नेहन व बस्ती एवढेच उपाय होते.

ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझ (इ. स. पू. सु. ४६०–३७०) ह्यांच्या नावाने संकलित झालेल्या ग्रंथांपैकी आंतरिक रोगांविषयीच्या एका ग्रंथात वृक्काच्या चार रोगांचे वर्णन असून, त्यांतील पहिला रोग म्हणजे स्पष्टपणे वृक्कशूल होय. वृक्क, कंबर व कूस ह्यांत तसेच त्याच बाजूच्या वृषणात तीव्र वेदना होते, रोग्याला वारंवार लघवी होते व तिच्याबरोबर वाळू पडते, असे तेथे म्हटले आहे. दुखणे कमरेत आणि जाणवते वृषणात, ह्या वेदनेच्या प्रवासाची ही सर्वांत जुनी नेमकी नोंद मानली जाते. ज्या शपथेमुळे हिपॉक्राटीझ हे नाव सर्वपरिचित झाले, तिच्यात खड्याची शस्त्रक्रिया वैद्याने स्वतः न करता त्या कामातील कसबी माणसांवर सोपवावी, असे बंधन आहे. ह्या बंधनाचा उद्देश काहीही असो, त्याचा एक परिणाम असा झाला की, यूरोपात खडा काढणे हे पुढे दीर्घकाळ फिरस्त्या शस्त्रकारांचे काम राहिले.

रोमन ग्रंथकार सेल्सस (इ. स. पहिले शतक) ह्यांनी मुलांतील मूत्राशयाचा खडा विटपातून काढण्याची रीत दिली. वृक्काच्या दुखण्यात विश्रांती, मऊ बिछाना, कोठा साफ ठेवणे व ऊन पाण्यात बसणे असे सौम्य उपाय त्यांनी सुचविले. त्याच शतकातील थोरले प्लिनी ह्यांनी माणसाला असह्य होणाऱ्या वेदनांचा क्रम लावताना मूत्राशयातील खड्याच्या वेदनेला पहिले स्थान दिले, पोटाच्या व डोक्याच्या वेदनांना त्याखाली ठेवले आणि ह्याच वेदनांपायी माणसे आत्महत्या करतात असेही लिहिले.

ओळखण्यात होणारी चूक : ही वेदना ओळखणे वाटते तितके सोपे नाही, ह्याची साक्ष प्रत्यक्ष गेलेन (सु. १२९–२१६) ह्यांनी दिली आहे. पोटात खोलवर, वृक्क व मूत्राशय ह्यांच्या मधल्या वाटेवर, गिरमिटाने भोक पाडावे तशी वेदना त्यांना स्वतःला झाली आणि आपल्या मूत्रवाहिनीत खडा अडला आहे अशी त्यांची खात्री पटली. नंतर तेलाचा बस्ती घेताच काचेसारखा चिकट कफ पडला व वेदना थांबली. दुखणे आतड्याचे होते. आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ वैद्याने स्वतःच्याच निदानातील चूक नमूद करून ठेवावी, हे गेलेन ह्यांच्या एरव्हीच्या आत्मविश्वासपूर्ण लेखनात उठून दिसते.

आतड्याचा शूल व वृक्कशूल वेगळे काढण्याचा हा प्रश्न अरबी वैद्यकाने पुढे नेला. अल्-राझी (सु. ८६५–९२५) ह्यांनी वृक्क व मूत्राशय ह्यांतील खड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्न सीना (९८०–१०३७) ह्यांनी अल्-कानून मध्ये दोन्ही शूलांतील भेद दिले आहेत. स्वतः इब्न सीना कुलंज म्हणजे आतड्याच्या शूलाने वारले. त्यांचे ग्रंथ युनानी वैद्यकाबरोबर भारतात आले आणि दख्खनच्या हकीमांच्या अभ्यासात राहिले.

आजही हा प्रश्न संपलेला नाही. उजव्या बाजूची कळ आंत्रपुच्छाच्या दाहाची, स्त्रियांत गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाची किंवा अंडाशयाला पीळ पडल्याची असू शकते. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात प्रथमच मुतखड्यासारखी कळ आली, तर महारोहिणीचा फुगवटा फुटत नाही ना, हे आधी पाहावे लागते. मूत्रात रक्तपेशी आढळणे ही खड्याची जुनी खूण खरी. परंतु काही रोग्यांत खडा असूनही रक्त आढळत नाही.

सोसणे आणि लिहिणे : सोळाव्या शतकापासून यूरोपातील रोग्यांनी स्वतः लिहून ठेवलेली वर्णने मिळू लागतात आणि ह्या इतिहासात रोग्याचा आवाज प्रथमच स्पष्ट ऐकू येतो. फ्रेंच निबंधकार माँतेन (१५३३–९२) ह्यांचे वडील खड्याने आजारी होते. चाळिशीच्या मध्यावर हा रोग मुलालाही जडला. वैद्यांवर माँतेन ह्यांचा विश्वास नव्हता. १५८०-८१ च्या प्रवासात त्यांनी फ्रान्समधील प्लाँब्येर व इटलीतील लुका येथील ऊन पाण्याचे झरे गाठले, किती पाणी प्यायलो व किती वाळू पडली ह्याची रोजनिशीत नोंद ठेवली आणि अखेरच्या निबंधांत ह्या रोगाचे शांतपणे मूल्यमापन केले. कळ थांबल्यावर क्षणात परतणारे स्वास्थ्य किती उजळ भासते, हे त्यांच्याइतके चांगले क्वचितच कोणी सांगितले असेल.

इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस (१६३३–१७०३) ह्यांच्या मूत्राशयातील खडा २६ मार्च १६५८ रोजी लंडनमध्ये टॉमस हॉलियर ह्या शस्त्रवैद्यांनी काढला. शुद्धिहरणाचा शोध लागण्यास अजून जवळजवळ दोन शतके अवकाश होता. रोग्याला बांधून ठेवण्यात येई. पेपिस ह्यांनी तो खडा खास पेटी करवून जपून ठेवला आणि सुटकेच्या वार्षिक दिवशी मेजवानी देण्याचा परिपाठ ठेवला. मृत्यूनंतर केलेल्या शवचिकित्सेत त्यांच्या डाव्या वृक्कात आणखी सात खडे सापडले.

ह्या वेदनेने माणसे कोणत्या टोकाला जात, ह्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ॲम्स्टरडॅम येथील यान दे डोत ह्या लोहाराने १६५१ मध्ये स्वतः घडवलेल्या सुरीने आपल्याच हाताने आपला खडा काढला. डॉक्टर निकोलास तुल्प ह्यांनी ही हकीकत ग्रंथात नोंदविली. दुसरे उदाहरण भारतातील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील फ्रेंच अधिकारी व लखनौचे धनाढ्य रहिवासी क्लॉड मार्टिन (१७३५–१८००) ह्यांनी १७८२ च्या सुमारास मूत्रमार्गातून बारीक कानस आत सरकवून आपल्या मूत्राशयातील खडा दिवसेंदिवस घासला व त्याचा चुरा बाहेर काढला. त्यांना गुण आला. पुढच्या शतकात यंत्राने खडा आतल्या आत फोडण्याची रीत निघाली, तिचे मूळ तत्त्व ह्या अघोरी खटाटोपात आहे.

वेदनेवर खरा गुणकारी उपाय एकच होता. इंग्रज वैद्य टॉमस सिडनम (१६२४–८९) स्वतः संधिवात व वृक्काचे खडे ह्यांनी पीडित होते. अफू, केशर, दालचिनी व लवंग घालून त्यांनी मद्यात तयार केलेला लॉडॅनम हा अर्क दोन शतके यूरोपच्या घराघरांत राहिला. बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांनी अखेरच्या वर्षांत मूत्राशयातील खड्यासाठी अफूचाच आश्रय घेतला. खडा विरघळवण्याच्या औषधाची आशाही कोणी सोडली नव्हती. जोआना स्टीव्हन्स ह्या इंग्रज बाईच्या गुप्त औषधासाठी ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजार पौंड मंजूर केले. १७३९ मध्ये कृती जाहीर झाली, तेव्हा त्यात अंड्यांची टरफले, गोगलगायी, साबण व काही वनस्पती निघाल्या. ह्या प्रकरणाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्यातूनच खड्यांच्या रासायनिक परीक्षणाला चालना मिळाली, हेही विसरता येत नाही.

एकोणिसावे शतक : कार्ल शेले ह्यांनी १७७६ मध्ये खड्यातून यूरिक अम्ल वेगळे केले. विल्यम वुलस्टन ह्यांनी १७९७ मध्ये फॉस्फेट व ऑक्झॅलेट खडे आणि १८१० मध्ये सिस्टिनाचा खडा ओळखला. सगळे खडे एका द्रव्याचे नसतात, तेव्हा सगळ्यांवर एक औषध असणे शक्य नाही, ही समजूत ह्या शोधांमुळे रुजली. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये झां सिव्हियाल ह्यांनी छेद न घेता मूत्रमार्गातून यंत्र घालून मूत्राशयातील खडा फोडला. हेन्री बिगलो ह्यांनी १८७८ मध्ये खडा फोडून चुरा त्याच बैठकीत धुऊन काढण्याची सुधारणा केली. ह्या पद्धतीचा प्रसार करण्यात भारतातील शस्त्रवैद्यांचा वाटा मोठा आहे. सिंध, पंजाब, राजस्थान ह्या उष्ण व कोरड्या प्रदेशांत लहान मुलांना मूत्राशयातील खडे फार होत. लहान मुलाच्या अरुंद मूत्रमार्गातून यंत्र घालणे अशक्य आहे, असे यूरोपात मानले जात असता इंदूर येथील डी. एफ्. कीगन ह्यांनी ते करून दाखविले. मुलांच्या आहारात सुधारणा झाली तसतसा त्यांच्यातील हा रोग विसाव्या शतकात ओसरत गेला आणि प्रौढांतील वृक्काचे खडे वाढले.

फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन ह्यांचे उदाहरण ह्या काळाचे आहे. १८७० मध्ये सेदानच्या रणभूमीवर मूत्राशयात मोठा खडा असताना ते तासन्‌तास घोड्यावर होते. सुश्रुतांनी वाहनावर बसण्याचा निषेध का नोंदविला असावा, ह्याचे हे ऐतिहासिक प्रत्यंतरच म्हणावयाचे. जानेवारी १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये खडा फोडण्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्यावर तिसरीच्या आधीच त्यांचा मृत्यू झाला.

वेदनाशमनाच्या दृष्टीने ह्या शतकातील महत्त्वाच्या घटना दोन. फ्रीड्रिख सर्ट्युर्नर ह्यांनी शतकाच्या पहिल्या दशकात अफूतून मॉर्फीन वेगळे केले आणि १८५३ मध्ये एडिंबरो येथील अलेक्झांडर वुड ह्यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने त्वचेखाली औषध देण्यास आरंभ केला. मुतखड्याच्या रोग्याला ओकारीमुळे तोंडाने घेतलेले औषध टिकत नाही. सुईने ती अडचण दूर केली. काही मिनिटांत शांत होणारा रोगी हे दृश्य वैद्यांना व रोग्यांना नवे होते. सुईबरोबर व्यसनही आले. त्याहून दूरगामी परिणाम असा की, मॉर्फीन मिळविण्यासाठी कळीचे सोंग करणारी माणसे निघाली आणि त्यांच्यामुळे खऱ्या रोग्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. बाहेरून काही दिसत नाही, पोट मऊ लागते, ताप नाही आणि माणूस तर गडाबडा लोळतो आहे, अशा स्थितीत वेदना खरी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे रोग्यावरच पडे.

ते ओझे क्ष-किरणांनी हलके केले. १८९५ च्या अखेरीस व्हिल्हेल्म राँटगेन ह्यांनी क्ष-किरण शोधले आणि १८९६ मध्येच ग्लासगो येथील जॉन मॅकिंटायर ह्यांनी वृक्कातील खड्याचे छायाचित्र घेतले. त्यापूर्वी, १८८० मध्ये, लंडन येथील हेन्री मॉरिस ह्यांनी एरव्ही निरोगी असलेल्या वृक्काला छेद देऊन खडा काढला होता. पण छायाचित्राच्या आधी अशी शस्त्रक्रिया म्हणजे बरेचसे चाचपडणे होते. मोझेस स्विक ह्यांनी १९२९ मध्ये शिरेतून द्यावयाचे छायाद्रव्य वापरात आणल्यावर वृक्कापासून मूत्राशयापर्यंतची सगळी वाट व तिच्यातील अडथळा दिसू लागला. यूरिक अम्लाचे खडे साध्या चित्रात उमटत नाहीत, ही उणीव सीटी स्कॅनने भरून निघाली. छायाद्रव्याशिवाय केलेला सीटी स्कॅन वृक्कशूलाच्या निदानासाठी १९९५ पासून रूढ झाला. गर्भवती स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांची (सोनोग्राफीची) तपासणी प्रथम करतात.

वेदनेच्या कारणाचा उलगडा : खड्याचे कंगोरे नळीला ओरखडतात, नळी त्याच्याभोवती आवळली जाते आणि हे आचके म्हणजेच कळ, अशी समजूत विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात प्रचलित होती. वेदना लाटांसारखी येते, ह्या अनुभवाशी ती जुळत असे. म्हणून आचके सैल करणारी ॲट्रोपीनसारखी औषधे देत आणि तीव्र कळीसाठी मॉर्फीन किंवा १९३९ पासून उपलब्ध झालेले पेथिडीन देत. पेथिडीन नळीला सैल करते असे समजून त्याला पसंती मिळाली होती.

प्रयोगांती चित्र वेगळे निघाले. मूत्रवाहिनीच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत : वृक्कातून ती निघते तेथे, श्रोणीतील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तेथे आणि मूत्राशयात शिरते तेथे. खडा बहुधा ह्यांपैकी एका जागी अडतो. मूत्र मागे तुंबते, वृक्कातील दाब वाढतो, वृक्कद्रोणी व वृक्काचे आवरण ताणले जाते. मुख्य वेदना ह्या ताणाची असते. ती वाहून नेणाऱ्या तंत्रिका मेरुरज्जूच्या ज्या भागात शिरतात, तेथेच कूस व जांघ ह्यांच्या तंत्रिकाही येत असल्याने दुखणे त्या जागी भासते. ताणलेल्या वृक्कात प्रोस्टाग्लँडीन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे वृक्काकडे येणारे रक्त वाढते, मूत्र अधिक बनते आणि आधीच तुंबलेल्या जागी दाब आणखी चढतो. हे दुष्टचक्र तोडल्याशिवाय नुसते आचके थांबवून भागत नाही.

जॉन व्हेन ह्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, ॲस्पिरीन व तत्सम दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. ह्या कार्यासाठी १९८२ मध्ये त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. स्वीडनमध्येच होल्मलुंड व स्योडिन ह्यांनी १९७८ मध्ये शिरेतून इंडोमेथॅसीन देऊन वृक्कशूल शमतो असे प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये डायक्लोफिनॅकाविषयी तसाच अनुभव प्रसिद्ध झाला. साध्या सांधेदुखीच्या वर्गातील औषध अफूच्या जोडीला बसावे, हे अनेक डॉक्टरांना पटण्यास वेळ लागला. कातार देशातील दोहा येथे १,६४५ रोग्यांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्नायूत दिलेल्या डायक्लोफिनॅकाने अर्ध्या तासात ६८ टक्के रोग्यांची वेदना निम्म्याने वा अधिक उतरली. मॉर्फिनाने हे प्रमाण ६१ टक्के, तर शिरेतून दिलेल्या पॅरासिटॅमॉलाने ६६ टक्के होते. ब्रिटनच्या २०१९ मधील अधिकृत मार्गदर्शनात दाहशामक औषध प्रथम, ते चालत नसल्यास शिरेतून पॅरासिटॅमॉल व त्यानंतरच अफूवर्गीय औषध असा क्रम असून, आचके सैल करणारी औषधे देऊ नयेत असे म्हटले आहे. वृक्काचे कार्य मंदावलेले रोगी, जठरव्रणाचे रोगी व गर्भवती स्त्रिया ह्यांना दाहशामक औषधे घातक ठरू शकतात. दुकानातून परस्पर गोळ्या आणून कळ दाबण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे.

ह्या चाचण्यांमागे आणखी एक बदल होता, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. मॉन्ट्रिऑल येथील रॉनल्ड मेल्झॅक ह्यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या वर्णनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि शून्य ते दहा अशा अंकांत रोग्याने स्वतःच वेदना सांगावी ही रीतही रुग्णालयांत पसरली. एके काळी सोंग म्हणून संशयास पात्र ठरलेला रोग्याचा शब्द औषधाच्या परीक्षेचे माप बनला.

खडा व वृक्क : कळ शमली तरी खड्याचा प्रश्न उरतो. ५ मिमी. पर्यंतचे खडे सुमारे दोन-तृतीयांश रोग्यांत आपोआप पडतात; ५ ते १० मिमी. पर्यंतचे निम्म्याजवळ. कळ चालू असताना रोग्याला बळेच भरपूर पाणी पाजण्याची किंवा सलाइन चढवून खडा ढकलण्याची प्रथा आपल्याकडे फार आढळते. तिने खडा लवकर पडतो असे सिद्ध झालेले नाही आणि दाब वाढण्याची वर सांगितलेली प्रक्रिया ध्यानात घेता ती युक्तही दिसत नाही. न पडणाऱ्या खड्यांसाठी विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात नवे मार्ग निघाले. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रोम व योहानसन ह्यांनी पाठीवरील बारीक छिद्रातून वृक्कातील खडा काढला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे ख्रिश्चन शाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून सोडलेल्या आघाततरंगांनी खडा फोडला. नंतर मूत्रमार्गातून वर नेलेल्या बारीक दुर्बिणीने व लेसर किरणांनी हे काम होऊ लागले आणि ज्या वृक्कापर्यंत शस्त्रवैद्याचा हात दोन हजार वर्षे पोहोचला नव्हता, तेथे कोणताही छेद न देता पोहोचणे शक्य झाले.

एक प्रसंग मात्र थांबू देत नाही. खडा अडलेला आणि त्याच्यामागे तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झालेला, अशा रोग्याला थंडी वाजून ताप येतो व काही तासांत जंतुविष रक्तात पसरून प्राणावर बेतते. तेथे वेदनाशामक देऊन वाट पाहणे हा उपचार नव्हे. प्रतिजैव औषधांबरोबर तुंबलेले मूत्र ताबडतोब बाहेर काढावे लागते. त्यासाठी पाठीतून वृक्कात नळी घालण्याची रीत १९५५ पासून आणि मूत्रवाहिनीत ठेवावयाची दोन्ही टोकांना वळलेली नळी १९७८ पासून उपलब्ध आहे. ह्याउलट, कळ आपोआप थांबणे हे नेहमी शुभचिन्ह नसते. खडा पडला तरी ती थांबते आणि खडा तसाच अडून राहून वृक्काचे काम मंदावले तरीही थांबते. अशा मूक अडथळ्याने कसलीही तक्रार न होता वृक्क निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. लघवी गाळून खडा मिळवावा, तो तपासणीस द्यावा आणि तो न मिळाल्यास काही आठवड्यांत पुन्हा चित्र काढून वाट मोकळी झाल्याची खात्री करून घ्यावी, असे सांगतात ते ह्यासाठी.

एकदा खडा झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा संभव असतो. महाराष्ट्रातील घरांत मुतखड्यावर कुळथाचे कढण, पानफुटीची पाने व सातूचे पाणी हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांपैकी कुळथाचा उल्लेख संहितांतही आहे. ह्या उपायांनी तयार खडा विरघळतो असे सिद्ध झालेले नाही. पोटात जाणारे पाणी वाढते हा त्यांचा लाभ मात्र खरा असू शकतो. इटलीतील बोर्गी व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रोग्यांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना, तर तसा सल्ला न दिलेल्यांत २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. भर उन्हात शेतावर, भट्टीपाशी किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या माणसाचे बरेचसे पाणी घामावाटे जाते. त्यामुळे त्याने किती पाणी प्यायले ह्यापेक्षा त्याची लघवी फिकट व भरपूर होते की नाही, हे पाहणे अधिक उपयोगी पडते. उन्हाळी लागून लघवी गडद व थोडी होऊ लागली, म्हणजे पाणी कमी पडत आहे असे समजावे.